पुसता येणारी चिप

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. सीताबर्डीच्या ज्या वर्कशॉपात मी नोकरीला होते, तिथे मुंबईहून दोन नमुन्यांच्या चिप्स आल्या होत्या. आपल्याला हवं ते आत भरता येणाऱ्या. एकीत प्रोग्राम एकदा जाळला, म्हणजे कायमचा कोरला, की जन्मभर तोच. दुसरीच्या पाठीवर काचेची खिडकी. तिच्यावर खास प्रकाश सोडला की सगळं पुसून पुन्हा लिहिता येई.

बाबा हातमागावर करवतकाठी, म्हणजे किनारीला करवतीसारखे दात असलेली लुगडी विणायचे. डोळे अधू झाल्यापासून किनारीची नक्षी उठवणाऱ्या दोऱ्या ओढताना चुकायच्या आणि घरात माग विकायच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. कोणत्या धाग्याला कोणती दोरी ओढायची, ते मोठ्या दिव्यांनी दाखवणारी पेटी मी बनवत होते. चिप कोणती घ्यायची? मी म्हटलं, जाळायचीच! तीस वर्षांत या माणसाची किनार बदलली नाही, आता काय बदलणार डोंबल!

बाबांनी जेवता जेवता सगळा क्रम घडाघडा सांगितला. मी जाळला. मागावर चार बोटं कापड झालं आणि करवतीचे दात मोडले.

"तुमाले धड आठवत नाही तर सांगता काहून?" मी ओरडले.

बाबांनी हात मांडीवर ठेवले. "डोळे गेलेच होते, आता डोकंही चाललं वाटते. इकून टाक माग."

मी पेटी बंद केली. म्हटलं, दिवे राहू द्या, नेहमीसारखं विणा. जवळ बसून एकेक धागा मोजला. दर बाराव्या धाग्यानंतर त्यांनी एकही दोरी न ओढता एक साधा धागा टाकला.

"हा कुठं सांगितला तुम्ही?"

"तो त असतेच वं! तो काय सांगाचा?"

डोकं शाबूत होतं. फिरलं होतं ते माझं. मागापाशी न बसता चिप ठरवणारी मोठी शहाणी! हसूही आलं, रडूही आलं. दुसऱ्या दिवशी खिडकीवाली घेतली, कारण बाबांकडे असे अजून किती 'असतेच' असतील, देव जाणे. दोन निघालेही. दोनदा पुसलं, तेव्हा दात नीट आले.

बाबा किनारीवरून बोट फिरवत बसले होते. मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी मी तुमाले तसं बोलाले नको होतं."

"या पेटीतलं पुसता येते नं?"

"हो."

"मंग तेही पुसून टाक. अन् माग इकाचं मी बोल्लो, तेही."