बालमृत्यू निरंक

नाव : श्रीमती धुरपता लच्छू मडावी. हुद्दा : सहायक परिचारिका व प्रसाविका, हंगामी. जन्मगाव : पोंभुर्ण्याजवळचा एक टोला (वाडी), ज्याची महसुली नकाशात नोंद आढळत नाही. शिक्षण : मराठी चौथी, नंतर नागपुरास सरकारी खर्चाने प्रशिक्षण. ओळखीची खूण : डाव्या हातावर गोंदलेला विंचू. वैवाहिक स्थिती : विधवा. अपत्ये : निरंक. पोहणे : येते. वर्तणूक : समाधानकारक. विशेष शेरा : सूरजागड डोंगराखालील प्रायोगिक गावांत नवजात बालमृत्यूंचे प्रमाण निरंकावर आणल्याबद्दल प्रशस्तिपत्रक, सन १९५७.

एवढ्यावरून धुरपताबाई कोण होती हे कळत नाही. ते कळावं अशी सरकारची अपेक्षाही नव्हती. पोहता येतं की नाही हे मात्र विचारून घेतलं होतं, कारण तिच्या हद्दीत पूल नव्हते.

ती या कामावर आली ती डॉक्टर वझलवारांमुळे. हे डॉक्टर वाईट नव्हते. ही गोष्ट आधीच सांगितलेली बरी, कारण पुढे जे झालं त्यात एखादा वाईट माणूस सापडला असता तर सगळ्यांचीच सोय झाली असती. डॉक्टरांनी दवाखान्यात धनुर्वाताची लेकरं पाहिली होती. बाळाची नाळ घाणेरड्या हत्याराने कापली की त्या जखमेतून हा रोग शिरतो. लेकरू चार-पाच दिवस चांगलं पितं. मग एका सकाळी त्याचं तोंडच उघडत नाही. आईनं स्तन लावला की जबडा आणखी घट्ट होतो. मग अंग धनुष्यासारखं वाकतं, आणि त्यानंतर कोणाला काही करण्यासारखं राहत नाही.

डॉक्टरांचा उपाय साधा होता. खाकी कापडाचं एक पुडकं. त्यात एक ब्लेड, दोन दोरे, पट्टीचं कापड. सगळं दवाखान्यातल्या वाफेच्या भांड्यात शिजवून शिवून टाकलेलं. पण उपाय साधा असून भागत नाही, तो लागू पडतो हे सिद्ध करावं लागतं. म्हणून डोंगराखालच्या गावांचे दोन भाग केले. निम्म्या गावांना पुडकी आणि धुरपताबाई. उरलेल्या निम्म्यांना काही नाही. शास्त्राला तुलना लागते. तुलनेसाठी ज्यांना काहीच द्यायचं नाही अशी माणसंही लागतात, आणि ती या भागात मुबलक होती.

धुरपताबाई गोंडाची. पोंभुर्ण्याकडची गोंडी आणि डोंगराखालच्या माडियांची बोली यांत फरक असला तरी भांडायला पुरेल एवढी ती समजत होती. पहिलं भांडण झालं ते रुखमाबाईशी. रुखमाबाई तिथली सुईण. गावातलं निम्मं माणूस तिच्या हातून या जगात आलेलं, त्यामुळे तिच्याशी वर तोंड करून बोलायची पद्धत नव्हती.

बाळंतपण गावात होत नसे. गावाबाहेर कुर्मा असतो, म्हणजे विटाळाच्या दिवसांत आणि बाळंतपणात बायांनी राहायची बुटकी झोपडी. तिथे पुरुषानं फिरकायचं नाही. त्या झोपडीच्या दारात बसून रुखमाबाईनं ब्लेड उलटसुलट करून पाहिलं.

"हे बिलेट त बाजारातल्या न्हाव्याजवळ असते," ती म्हणाली. "लेकराची दाढी करून राह्यली का तू?"

"नाळ कापाची याच्यानं, बाई."

"नाळ बाणानं कापते आमी. बाण नाई लागला त पोरगा शिकारी कसा होईन?"

"आन् पोरीची नाळ काऊन बाणानं कापता? तिले कोनती शिकार कराची हाय?"

"नवऱ्याची," रुखमाबाई म्हणाली. आतल्या बाळंतिणीलाही कळा देता देता हसू आलं.

तोडगा निघाला तो असा : आधी बाण नाळेला दाखवायचा, मग कापायचं ब्लेडनं. बाण देवाच्या समाधानासाठी, ब्लेड डॉक्टरच्या. रुखमाबाईनं दोन-तीनदा हे करून पाहिलं. लेकरं सहावा दिवस ओलांडून गेली. त्यानंतर तिनं ब्लेडला नावं ठेवणं सोडलं आणि पुडकं उशिरा आलं म्हणून धुरपताबाईला नावं ठेवायला सुरुवात केली. प्रगती म्हणतात ती हीच.

पण एक बाई आणि वीसेक गावं. मध्ये बांडिया नदी. पावसाळ्यात एखादी बाळंतीण अडली की धुरपताबाई पुडकं डोक्याला बांधून पोहत जाई, आणि तरी कधी कधी उशीर होई. तोवर बाणानं आपलं काम केलेलं असे. ती लेकरं जात. धुरपताबाई तीही मोजत असे, आणि महिनाअखेरीला दवाखान्यात जाऊन सांगत असे.

इथेच तिचं चुकलं. निदान तिथल्या रीतीनं चुकलं.

डोंगराखाली लेकरू जन्मलं म्हणजे आलं असं होत नाही. नाळ गळून पडते, आई त्याला कुर्म्यातून गावात आणते, त्याला एखाद्या गेलेल्या पूर्वजाचं नाव देतात, मग ते आलं. तोवर तो पाहुणा. पाहुणा मध्येच परत निघाला तर बाया त्याला मोहाच्या झाडाखाली पुरतात, झाडाचा चीक त्याला दुधासारखा मिळावा म्हणून. पुरुषांनी विचारायचं नाही. आईनं मोठ्यानं रडायचं नाही. यात निर्दयपणा काही नव्हता. ज्या गावात बहुतेक प्रत्येक घरची बाई एकदा तरी त्या झाडापाशी जाऊन आली होती, तिथे मोठ्यानं रडायचं ठरवलं असतं तर बाकी कामं कोणी केली असती?

धुरपताबाईला ही रीत ठाऊक नव्हती असं नाही. तिच्या माहेरीही थोड्याफार फरकानं हेच. तिची स्वतःची दोन लेकरं अशीच मिटल्या तोंडानं गेली होती. नोकरीच्या वेळी कारकुनानं अपत्ये विचारली तेव्हा ती म्हणाली, दोन. कारकुनानं नावं विचारली. नावं नव्हती. "मग नाही म्हण ना," असं म्हणून त्यानं निरंक लिहिलं. नागपुरात तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं की बाळानं एकदा श्वास घेतला की ते मोजायचं. या वाक्यासाठी ती नागपूरवर आयुष्यभर खूश होती. तिथलं जेवण तिला कधीच आवडलं नाही.

दोन वर्षांनी डॉक्टरांनी हिशोब मांडला आणि धुरपताबाईला बोलावलं.

"बाई, मला काही कळत नाही. तुमच्या गावांत मुलं दगावतात. आणि जिथे आपण काहीच दिलं नाही तिथे एकही नाही. तुम्ही हात धुता ना?"

"धुते साहेब."

"ब्लेडं गंजकी आहेत का?"

"मी करते तिथी कोनी मरत नाई साहेब. मी पोचत नाई तिथी मरते. आन् तुमच्या त्या दुसऱ्या गावात त माह्या गावापेक्षा जास्त मरते. कोनी मोजत नाई एवढंच."

दुसऱ्या गावांचे आकडे कोतवालाकडून येत. गावात कोण जन्मलं, कोण मेलं हे त्यानं ठाण्यावर जाऊन तोंडी सांगायचं, ही इंग्रजाच्या काळापासूनची पद्धत. डॉक्टर न्यायी माणूस. त्यांनी त्या गावांतला सगळ्यात जुना कोतवाल बोलावून घेतला. पोचू त्याचं नाव. खोटं बोलण्याची त्याला सवय नव्हती. या भागात त्याची गरज पडत नसे.

"पोचू, तुझ्या गावात गेल्या दोन वर्षांत तान्ही मुलं किती मेली?"

"एकबी नाई साहेब."

"नीट आठव."

"आठवून राह्यलो. माणसं मेली. एक बुढा, एक बुढी, एकाले अस्वलानं फाडलं. लेकरू नाई."

धुरपताबाई पुढे झाली. "पोचूभाऊ, मोहाखाली नवे खड्डे किती हायेत?"

पोचूनं तिच्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे, मग जमिनीकडे. "ते बायांचं हाय. मले काय माहीत?"

"पन खड्डे त हायेत ना?"

"बाई, तू गोंडाची होय का नाई?" पोचू आता चिडला. "अशी गोष्ट मानसाले इचारते का कोनी? तेबी साहेबासमोर?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्यासमोर एक नर्स होती जी म्हणत होती की मुलं मरतात, आणि एक कोतवाल होता जो म्हणत होता की मरत नाहीत. कोतवाल शपथेवर सांगायला तयार होता. मोहाखाली उकरून पाहावं हा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही, पण त्या जंगलात तसं करून तिथून परत कसं यायचं याचा उपाय त्यांच्यापाशी नव्हता.

"योजना चालू ठेवायची तर मला वर काहीतरी दाखवावं लागेल," ते म्हणाले. "हे असे आकडे गेले तर पुडकी बंद होतील. पुडक्यांनीच मुलं मरतात असा अर्थ निघतो."

बाहेर व्हरांड्यात देवाजी गुरनुले कंपाउंडर बाटल्या धूत बसला होता. दवाखान्यात बोललेलं सगळं त्याला ऐकू येत असे. बाटल्या तो त्यासाठीच तिथे धूत असे.

"बाई, तुमी जास्त मोजून राह्यल्या," तो म्हणाला.

"जेवढे मेले तेवढे मोजले, देवाजीभाऊ."

"तेच त म्हनतो. ज्याचं नाव ठेवलं तेवढंच मोजा. मग पोचूचा हिशोब आन् तुमचा हिशोब एक. साहेबाचा संशय मिटते, पुडके चालू राह्यते."

"आन् जे गेले ते?"

"ते का आता तुमच्या मोजल्यानं परत येनार हायेत?" देवाजीनं बाटली उपडी केली. "जितं लेकरू वाचवाचं का मेलं लेकरू मोजाचं, ते तुमी पाहा."

 धुरपताबाईच्या डोक्यात रुखमाबाईची सून होती, सोमारी. सोमारीला श्रावणात दिवस भरणार होते. तिची पहिली दोन मोहाखाली होती, पुडकी यायच्या आधीची. रुखमाबाईनं, जिनं आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नव्हतं, गेल्या बाजाराला धुरपताबाईचा पदर धरून म्हटलं होतं, "माह्या सुनेले एक पुडकं राखून ठेवजो. मी बाणबी दाखवीन, तू म्हनशीन त नाईबी दाखवीन."

धुरपताबाई परत आत गेली.

"साहेब, नाव ठेवलेलंच मोजते मी."

"म्हणजे?"

"नाव ठेवायच्या आधी जे गेलं ते लेकरू नसते. आमच्यात तशीच रीत हाय. मी चुकून मोजत होती."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. त्यांना यात कुठलीही लबाडी दिसली नाही, आणि खरं म्हणजे नव्हतीही. दोन्हीकडची व्याख्या एकसारखी असली पाहिजे हे शास्त्रात पहिलं सूत्र. त्यांनी आकडे नव्याने मांडले. प्रायोगिक गावांत नवजात बालमृत्यू निरंक. तुलनेच्या गावांत नवजात बालमृत्यू निरंक. धुरपताबाईनं बाहेर येऊन देवाजीकडे पाणी मागितलं, चूळ भरली, आणि घरी गेली. आपली दोन लेकरं तिनं त्या दिवशी कारकुनाच्या बाजूनं मोजली होती.

राज्यांची फेररचना नुकतीच झाली होती. चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. जिल्हा होता तिथेच राहिला, फक्त कागद प्रवासाला निघाले. नागपूरच्या कचेरीतून अहवाल मुंबईच्या कचेरीत पोचला. तो वाचणाऱ्या गृहस्थांनी जंगल पाहिलं नव्हतं, पण अंकगणित त्यांना येत होतं. पुडकी दिली तरी कोणी मरत नाही. पुडकी दिली नाहीत तरी कोणी मरत नाही. अर्थात या भागात हा प्रश्नच नाही. वनवासी जनतेची काटक प्रकृती आणि शुद्ध हवा यांचा उल्लेख करून त्यांनी योजना समाप्त केली. वझलवारांनी अहवालाच्या तळाशी एक वाक्य घातलं होतं की व्याख्येबाबत अधिक चौकशी व्हावी. ते तळाशी होतं, म्हणून ते तिथेच राहिलं. डॉक्टरांनी दोन पत्रं लिहिली. दोन्हींची पोच आली.

शिल्लक पुडकी जमा करून घेतली गेली. वाफेचं भांडं उचलून दुसऱ्या जिल्ह्यात नेलं. धुरपताबाईला प्रशस्तिपत्रक मिळालं, आणि बक्षीस म्हणून चांद्याला बदली. तिथे तिला पुरुषांच्या वॉर्डात नेमलं.

निघण्याआधी ती रुखमाबाईला भेटायला गेली. एक पुडकं लपवून आणायचा प्रयत्न तिनं केला होता, पण देवाजीनंच ते जमा करून घेतलं. मोजून द्यायची जबाबदारी त्याची होती.

"पुडकं नाई त नाई," धुरपताबाई म्हणाली. "उकळजो. बुडबुडे येऊ द्याचे, मग बी बराच वेळ उकळू द्याचं. मग कापाचं. समजलं?"

"उकळते," रुखमाबाई म्हणाली.

"नक्की?"

"म्हटलं ना उकळते. तू जाय, बस चुकीन तुही."

श्रावणात सोमारी कुर्म्यात गेली. रुखमाबाईनं दिलेला शब्द पाळला. तिनं तीन दगडांची चूल मांडली, मोठं मडकं चढवलं, पाणी खळखळ उकळलं, बराच वेळ उकळू दिलं. त्या पाण्यानं सोमारीला न्हाऊ घातलं. मग छपरातून बाण काढला, पदराला पुसला, आणि नाळ कापली.

धुरपताबाईचं प्रशस्तिपत्रक टपालानं चांद्याला पोचलं त्याच आठवड्यात सोमारी गावात परत आली. एकटीच आली.