गोधडीतला माझा थर

आमच्याकडे मूल जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही आणत नाहीत. पाळणा नाही, झबलं नाही, खुळखुळासुद्धा नाही. जुन्या कपड्यांची गोधडी शिवून ठेवलेली मात्र चालते, कारण जुन्यातून केलेलं नवं धरत नाहीत. हा नियम कुणी केला आणि कुठे लिहून ठेवलाय, ते मला कधीच कळलं नाही. सदतीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला न लिहिलेल्या नियमांची धास्ती जास्त वाटते. लिहिलेल्यात निदान पळवाट असते.

जानेवारीतल्या एका सकाळी माझी थोरली मेहुणी खोडाळ्याहून पहिल्या गाडीने जव्हारला आमच्या घरी आली, ती या गोधडीसाठीच. मुलगी आठव्या महिन्यात होती आणि बाळंतपणासाठी आमच्याकडे आली होती. मेहुणीच्या घरी दोन म्हशी. त्या दुसऱ्या कुणाला दूध काढू देत नाहीत, म्हणून तिला दुसऱ्या दिवशी सकाळी परत जायचं होतं. म्हणजे गोधडी त्याच दिवशी पुरी व्हायला हवी होती.

चहा झाल्याबरोबर दोघी बहिणींनी पुढच्या खोलीत चटई अंथरली आणि तिच्यावर एकेक थर पसरायला घेतला. तळाला बायकोची धुऊन धुऊन पापुद्र्यासारखी झालेली साडी. तिच्यावर मुलीच्या कॉलेजातल्या दोन ओढण्या. मग विहीणबाईंनी पाठवलेलं पातळ. मग जावयाची लुंगी. लुंगीपर्यंत मी पेपर वाचत होतो.

"आणि माझं?" मी विचारलं.

बायको म्हणाली, "तुमचं काही नाहीये."

तिचं खरं होतं. मी जन्मभर टेरिकॉट वापरलं. त्यातून सुई सरकते आणि बाळाला घाम येतो, म्हणून मेहुणी ते गोधडीत घेत नाही. दोन सुती लेंगे होते, पण ते दिवाळीच्या आधी बायकोने भांडीवालीला देऊन त्यांच्यावर एक पातेलं घेतलं होतं. गोधडी या विषयावर त्या क्षणापर्यंत मला काहीही मत नव्हतं. पण जावयाच्या लुंगीला जागा आहे आणि आपल्याला नाही, हे कळल्यावर मला तिथे असायचंच होतं. का, ते मला सांगता आलं नसतं. नातवंड काही थर मोजून बघणार नव्हतं.

मी कपाटातून शाली काढल्या. निवृत्तीच्या वेळच्या आणि त्यानंतरच्या मिळून सात, सगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. प्रत्येकीबरोबर एक नारळ आणि एक भाषण आलं होतं. एका वक्त्याने मला कचेरीचा आधारवड म्हटलं होतं. त्याच वक्त्याने व्यासपीठावर चढताना शेजारच्याला माझं नाव विचारलेलं मी ऐकलं होतं. मेहुणीने एक शाल चिमटीत धरून चोळली.

"या कुणी पांघरल्या?"

मी पांघरल्या होत्या, पण फोटो निघेपर्यंतच. तिने मान हलवली. कोरं चालणार नाही, म्हणाली, आणि गुडघे दुखतात म्हणून दोन शाली घडी करून स्वतःच्या गुडघ्यांखाली घेतल्या. त्या शाली कुणाच्या उपयोगी पडल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मग मला धोतर आठवलं. ते एका समारंभात शालीऐवजी मिळालेलं, चांगलं सुती, पण घडीही न मोडलेलं. तेही कोरंच. मी मेहुणीला विचारलं की कापड जुनं धरायला ते किती दिवस वापरलेलं असावं लागतं, काही मुदत आहे का. तिचं सगळं लक्ष सुईत दोरा ओवण्यात होतं. "नेसल्यावर जुनं," ती म्हणाली.

एवढं मला पुरेसं होतं. कचेरीत मी याहून तोकड्या शेऱ्यांवर कामं उरकली आहेत. मी आत जाऊन धोतर नेसलो. जमेना, म्हणून बायकोला बोलावलं. तिने काहीही न विचारता काष्टा घातला. याआधी तिने मला धोतरात पाहिलं ते लग्नाच्या दिवशी.

दोघींचे हात गोधडीत गुंतलेले, म्हणून स्वयंपाक माझ्याकडे आला. मुलीला सुकट खावीशी वाटत होती. लेंग्यांवर घेतलेल्या त्या पातेल्यात मी सुकट कांद्यावर परतायला टाकली आणि नागलीच्या भाकरीकडे वळलो. नागलीचं पीठ उकळत्या पाण्यात घालून चटका बसत असतानाच मळावं लागतं, नाहीतर भाकरीला भेगा पडतात. माझ्या भाकरीला भेगाच होत्या, मधे मधे भाकरी होती. मेहुणी बाहेरून न बघता सूचना देत होती. थापण्याच्या आवाजावरून तिला कळायचं की पाणी कमी पडलंय.

पहिल्यांदा मी धोतराला हात पुसले ते नकळत. नंतर मुद्दाम पुसायला लागलो. हळद, पीठ, खुरासणीच्या चटणीचं तेल, सगळं पुसलं. जितकं वापरलं तितकं जुनं, असा माझा हिशेब. मुलगी दारात उभी राहून पोट धरून हसत होती.

"बाबा, तुम्ही नक्की काय करताय?"

मी म्हणालो, भाकरी. ते पूर्ण उत्तर नव्हतं हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

जेवणं झाल्यावर मी धोतर सोडलं, मागच्या दगडावर नेऊन चांगलं आपटलं आणि कुंपणावर वाळत घातलं. वाळल्यावर पुन्हा भिजवलं, पुन्हा आपटलं. शेजारच्या निवृत्त गुरुजींनी कुंपणापलीकडून चौकशी केली. कापड जुनं करतोय, असं मी सांगितलं. त्यांनी जरा विचार केला आणि ते घरात गेले.

दिवस मावळायच्या सुमारास गोधडीच्या तीन बाजू शिवून झाल्या होत्या. चौथी उघडी होती, त्यातून एक थर आत सरकवता आला असता. मी धोतर नेऊन मेहुणीच्या पुढ्यात ठेवलं. तिने काठ चोळून पाहिला. मग एक टोक गालाला लावलं आणि तसंच थोडा वेळ धरून ठेवलं. बायकोने सुई थांबवली.

"ह्यात अजून दुकान हाय, पाहुणे."

"ताई, सकाळी तुम्हीच म्हणालात, नेसल्यावर जुनं."

"तुम्ही सोडत नव्हतात, म्हणून म्हणाले."

मी अर्ध्यावर आलो. अख्खं नको, रुमालाएवढा तुकडा घ्या, म्हटलं. मधोमध ठेवा, कुणाला लागणार नाही. तिने सुई गोधडीत टोचून ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे बाळाच्या गालाला टोचंल. तुम्हाला गोधडीत जायचंय का बाळाला ऊब द्यायचीय?"

याचं उत्तर चटकन यायला हवं होतं. ते आलं नाही, आणि ते का येत नाही हे शोधण्यात मी इतका वेळ घालवला की बायकोनेच धोतर उचलून माझ्या हातात दिलं. मेहुणीने चौथी बाजू शिवायला घेतली. मी तिथेच बसून राहिलो. गोधडी छान झाली होती, आणि तिच्यात माझं काहीही नव्हतं.

सकाळी डेपोवर गाडीत चढताना मेहुणीने मला जवळ बोलावलं. धोतर टाकू नका, म्हणाली, रोज नेसा. तीन पावसाळे जाऊ द्या, मग दुसऱ्या बाळाच्या वेळी बघू. मुलीच्या कानावर हे घातलं तेव्हा ती म्हणाली की आधी हे होऊ द्या. तिचंही बरोबर होतं. पण माझं काय झालं होतं? मला बाद केलं होतं की माझी पुढच्या खेपेसाठी निवड झाली होती? बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, नेसा की.

तेव्हापासून मी घरात धोतर नेसतो. फाटकावरून जाणाऱ्या एकाने मला विचारलं की प्रवचनं कधीपासून सुरू करताय.

नात आता तीन महिन्यांची आहे. गोधडीत ती शांत झोपते. दुपारी थोडा वेळ मुलगी तिला माझ्या मांडीवर देते. ती एका कुशीवर होऊन झोपते आणि उठते तेव्हा तिच्या गालावर धोतराच्या विणीचे लाल वळ असतात. मेहुणीचं म्हणणं रोज नव्याने खरं ठरतं. अजून एकही पावसाळा लागलेला नाही. परवा वळ जरा फिके वाटले, म्हणून मी मुलीला हाक मारून दाखवले. तिने वाकून पाहिलं. तिला ते कालच्यासारखेच वाटले.