दुसऱ्या पंगतीचं आमंत्रण

ये, अशी जवळ बस, आणि ते 'जाऊ दे ना, मावशी' आधी बंद कर. कशाला जाऊ दे? माझ्या नातीची कॉलेजातली शेवटची बास्केटबॉल मॅच या लोकांनी परस्पर घालवली, आणि मी गप्प बसू?

तुला माहीतच आहे, पोरीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. अख्खा सीझन बाकावर बसून दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवल्या तिने. डॉक्टरांनी 'आता खेळ' म्हणून सांगेपर्यंत टीम हरून मोकळी. मोठ्या टुर्नामेंटला नंबर लागला नाही. मग, मोठीत न घेतलेल्या टीम्ससाठी एक धाकटी टुर्नामेंट असते, तिचं आमंत्रण आलं. पोरीने पहिला फोन मला केला. म्हणाली, "आजी, आय गेट टू प्ले."

आपल्यात, तिकडे मायदेशी, बोलावणं आलं की घरटी एक माणूस तरी जातंच. मीही तसंच धरून चालले. अख्ख्या टीमसाठी बेसन भाजलं. लाडू वळत होते, तेवढ्यात मुलगा, तिचा बाबा, ऑफिसातून आला आणि म्हणाला, आई, कॉलेजने 'आम्ही येणार नाही' म्हणून कळवलं.

का, तर कोच म्हणे, ती स्पर्धा आमच्या दर्जाची नाही. शिवाय नेहमी खेळणाऱ्या मुली थकल्यात. थकल्या असतील, मानते मी. त्यांना झोपू द्या की घरी! पण बाकावरच्या मुलींना कुणी विचारलं? कुणी नाही.

आणि दर्जा कसला गं? लग्नाकार्यात आम्ही बायका कायम शेवटच्या पंगतीला. आमटी गार, जिलबी संपलेली. त्याचा राग यायचाच. पण पहिल्या पंगतीत जेवून ढेकर दिलेल्या कुणी येऊन सांगितलं असतं, की आता तुम्ही जेवूच नका, आपल्या घराण्याला शोभत नाही, तर ताट भिरकावलं असतं मी.

मुलगा वर म्हणतो, बरं झालं, इंटरव्ह्यूची तयारी होईल. मी म्हटलं, "पोरीने गुडघा कापून घेतला तो इंटरव्ह्यूसाठी का रे?"  लाडू त्याला एकही दिला नाही. सगळे शेजारच्या काकूंकडे पोचवले.

आता पोरगी घरी आलीय. बॉलला हात लावत नाही. विचारलं की 'इट्स फाइन, आजी'. काही फाइन नाहीये. समोरच्या पार्कातल्या कोर्टवरचा बर्फ वितळलाय, पण माझ्याच्याने काय खेळणं होणार? तू कॉलेजात खेळलेली आहेस. येत्या शनिवारी खेळायचे बूट घेऊन ये, बाई, आणि तिला बाहेर काढ.