घरात पुरलेलं काय न्हाई

हे मी कुणाला सांगितलं न्हाई. भावाला न्हाई, गिरजेला न्हाई — माझी बायको ती, तिलाच सांगायचं होतं. देवापुढं हात जोडले तेव्हाबी दुसरंच काहीबाही मागत राहिलो. आता तिचं वर्षश्राद्धही झालं. चार यत्ता शिकलेलो. अक्षर वाकडं हाय. गोष्ट त्याहून वाकडी.

घर विकलं, त्याची गोष्ट. नांदूरघाटात आमचं दोन खणांचं घर. मागं परसू, परसात उखळ. गिरजा माहेरी लिंबागणेशला, बहिणीच्या बाळंतपणाला गेलती. तेवढ्यात ओढ्याकाठच्या रानाचा मालक जालन्याला राहायला निघाला. म्हणाला, "बाजाराच्या दिवसापर्यंत रोख देशील तर रान तुझं. न्हाई तर दुसरा उभाच हाय." काळंभोर रान, विहिरीला पाणी. मला ते लई दिवसांपासून पाहिजे होतं. घर विकल्याबिगर पैका कुठला?

गिऱ्हाइकं आली. एकजण म्हणाला, सुगीवर देतो. एकानं म्हैस पुढं केली — "म्हैस काय रोखीपेक्षा कमी हाय का बे?" — अन् म्हैस भाकड. मग करीमभाई मनियार आला. बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून गावोगाव फिरणारा, भाड्याच्या खोपटात राहणारा माणूस. त्यानं भाव पाडला न्हाई, मुदत मागितली न्हाई. निजामाच्या शिक्क्याच्या हाली रुपयांची थैली पुढं ठेवली. "तात्या, मला घासाघीस येत न्हाई. घर द्या."

मुन्शीनं कागद उर्दूत लिहिला अन् आमच्या बोलीत वाचून दाखवला. भिंती, दारं, झाडं — अन् मग एक शब्द आला. दफीना. मुन्शी म्हणाला, "दफीना म्हंजे पुरलेलं. हंडा, सोनंनाणं, काय बी. ते आता घेणाराचं. मागून भांडण नको. तात्या, घरात पुरलेलं काय हाय का?"

सगळे हसले. करीमभाई बी हसला — "असतं तर तात्यानं घर कावून इकलं असतं?"

मी म्हणालो, "काय न्हाई."

उखळाशेजारी आमची पोर होती. नऊ दिवसांची. बाराव्याला नाव ठेवायचं, तो बारावा आलाच न्हाई. दात न आलेलं लेकरू जाळत न्हाईत, गावाबाहेर पुरतात. पण गिरजेनं तिला बाहेर नेऊ दिलं न्हाई. "कोल्ही उकरतील," म्हणाली. खड्डा मीच खणला. तेव्हापासून गिरजा कांडायला बसली की पहिली मूठ दाणे तिथं टाकायची. चिमण्या टिपायच्या. ती बघत बसायची.

असलं घर कोण घेईल — असं मला वाटलं. वाटलंच फक्त. विचारून कुठं बघितलं?

गिरजा आली तेव्हा दारावर दुसऱ्याचा पडदा. ती रडली न्हाई. रानातल्या खोपीत आली, गाठोडं ठेवलं अन् म्हणाली, "झालं ते झालं. मनियाराला इचारा — कवातरी परसात येऊन मूठभर दाणे टाकू देशील का. तेवढंच इचारा."

मी गेलतो. त्याच्या दारापर्यंत गेलतो हो. करीमभाईनं बाजेवर बसवलं, पाणी दिलं. तोंड उघडायला गेलो अन् तो कागद आठवला. "काय न्हाई" म्हणणारा मी. घर परत घे, रुपये आण म्हणाला तर? रान तर घेऊन बसलेलो. पाणी पिऊन उठलो.

अन् तिला काय सांगितलं? "न्हाई म्हणतो. म्हणतो, घर आता माझं हाय, परकी बाई आत नको."

तिनं लगेच खरं धरलं. धरणार हे मला ठाऊक होतं. तो दुसऱ्या धर्माचा — त्याच्याबद्दल वाईट सांगितलं की कोण पुन्हा विचारतंय?

त्याच्या हातची बांगडी तिनं परत भरली न्हाई. माहेरी जाईपर्यंत जुन्याच वागवायची, एका हातात दोन अन् एका हातात एक. करीमभाई रानाच्या वाटेनं हाक देत यायचा, "वैनी, हिरवा चुडा आणलाय!" ती आत जाऊन ताटी ओढून घ्यायची. एकदा मोठ्यानं म्हणाली, "ह्याचं वाटुळं हुईल." तो माझ्याकडं बघायचा. मी बैलांकडं बघायचो.

किती वर्षं? पोर जगती तर तिची लेकरं लग्नाला आली असती, इतकी.

नवऱ्याआधी जाणाऱ्या बाईला हिरवा चुडा भरून नेतात. गिरजा गेली तेव्हा कुणी बोलावलं न्हाई, करीमभाई आपण होऊन आला. म्हातारा, काठी टेकत. रुमालात बांगड्या. पैसे घेतले न्हाईत. रुमाल बायांकडं दिला अन् माझ्याशेजारी बसला.

"तात्या, वैनी आमच्यावर कावून रुसली व्हती? आता तरी सांगा की."

मग तोच बोलत राहिला. "आमची घरवाली, हमीदा, बांगड्या भराया यायची, तवा वैनीला उखळापाशी दाणे टाकताना बघायची. काही नवस असंल म्हणून घर घेतल्यापासनं ती बी टाकती. रोज. आमी तिथं कुदळ लावली न्हाई. वैनी एकदा बघाया बी आली न्हाई बघा."

तेव्हा तरी सांगायचं ना? गिरजेचे कान समोरच होते — पण थंड. बाया त्याच्याच बांगड्या तिच्या हातात चढवत होत्या. हात ताठ झालेला. दोन फुटल्या. थांबा म्हणायचं होतं. न्हाई तर खरं बोलायचं होतं. दोन्हीतलं एक तरी.

मी म्हणालो, "बायांचं काय कळतंय, करीमभाई."

तो मान हलवून बसून राहिला.

तो अजून हाय. हमीदा हाय. सकाळी त्या वाटेनं गेलं की परसातून चिमण्यांचा गलका ऐकू येतो. मी थांबत न्हाई.