चुना फासलेले ग्लोव्हज

हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच, तेव्हा खुशाल हसा. फक्त चहा सांडू नका. माझ्या कपाळावर ही बारीकशी खोक दिसते ना, ती बायकोने लाटणं मारल्याची आहे असा बालाघाटात बऱ्याच जणांचा समज आहे. मी तो मोडत नाही. खरं कारण त्याहून वाईट आहे.

तेव्हा मी शाळेत मास्तर होतो आणि आमच्या मोहल्ल्यात ट्रान्झिस्टर फक्त माझ्याकडे होता. कॉमेंट्री ऐकून ऐकून मला क्रिकेट कळतं असं आधी लोकांना वाटलं, मग मलाही वाटायला लागलं. बॅट मी आयुष्यात हातात धरली नव्हती. पण गावच्या टीमला खेळाडू निवडणारा हवा होता, आणि जो खेळतच नाही तो कुणाची बाजू कशाला घेईल, असा विचार करून सगळ्यांनी मला त्या जागी बसवलं.

त्या काळात जिथेतिथे एकच वाद. कीपर निवडायचा तो हातांसाठी की बॅटसाठी? नव्या जमान्याचे कीपर बॅटिंगही करतात म्हणून लोक खूश. मी मात्र जुन्या मताचा. म्हणजे ते मत माझं नवीनच झालं होतं, पण मत जुनं होतं. पानठेल्यावर मी ठणकावून सांगायचो की कीपरचे हात पाहा, बॅटिंग काय, कुणीही करतो.

धानाची कापणी आटोपली आणि तिरोडीच्या मँगनीज खाणीच्या टीमशी आमची मॅच ठरली. खाणीचे मॅनेजर साहेब क्रिकेटवेडे. जो चांगला खेळेल त्याला ते खाणीच्या ऑफिसात चिकटवून घेत. आमच्याकडे कीपरच्या जागेसाठी दोघे उमेदवार होते. एक भाऊलाल, बस स्टँडजवळ सायकलचं दुकान चालवणारा. दुसरा मनोहर, माझा सख्खा साळा. मूळचा तिरोडीचा, मॅट्रिक होऊन नोकरीच्या शोधात आमच्याच घरी राहत होता.

आता पाहा पंचाईत. बायकोने जेवताना विषय काढलाच. "मनोहरले घेऊन राह्यले ना तुमी? नोकरीपायी लग्न अडलं हाये त्याचं."

"नातं घरी. मैदानावर न्याय," मी म्हणालो. वाक्य मला इतकं आवडलं की मी ते पुन्हा एकदा म्हणालो. तिने वरण वाढता वाढता पळी परत भांड्यात ठेवली.

न्याय करायचा म्हणजे काही शास्त्र हवं. आमच्या मैदानावर खाणीतली काळी भुकटी पसरून दाबलेली होती. जरा खेळ झाला की चेंडू काळाकुट्ट व्हायचा. टीमकडे ग्लोव्हजची जोडी एकच. तिला मी पांढराशुभ्र चुना फासला. चेंडू जिथे लागेल तिथे डाग पडणार. पक्क्या कीपरचा डाग तळव्याच्या मधोमध, कच्च्याचा बोटांवर, मनगटावर, वाट्टेल तिथे. आधी मनोहरची परीक्षा, मग पुन्हा चुना, मग भाऊलालची. आहे की नाही डोकं?

आणि साळ्याला पाहून मन पाघळू नये म्हणून मी मैदानाकडे पाठ करून मोहाच्या झाडाखाली बसलो. हो हो, परीक्षा चालू असताना, पाठ करून. इतका निःपक्षपाती माणूस अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नसेल.

मनोहरचे ग्लोव्हज आले. बोटं काळी, तळवे काळे, मनगटं काळी. चुना शोधूनही सापडेना. मी मान हलवली. तो म्हणाला, "भाऊजी, बॉलच इकडंतिकडं येऊन राह्यलता." असली कारणं मी शाळेत रोज ऐकायचो.

मग भाऊलालचे आले. काय सांगू! सगळे पांढरे, आणि उजव्या तळव्याच्या बरोब्बर मधोमध एकच काळा डाग. मला भरून आलं. एवढे चेंडू टाकले आणि एकूणएक चेंडू एकाच जागी! आमचे कॅप्टन शुक्लाजी म्हणायला लागले, "मास्टरजी, आप एक बार देख तो लेते..." मी त्यांना हातानेच थांबवलं. मनोहर बॅटिंगपण झकास करतो असं मागून कुणीतरी म्हणालं, तेव्हा तोच तर आजकालचा रोग आहे, असं मी त्याला सुनावलं.

घरी येऊन बायकोला सगळं शास्त्र समजावलं. एकच डाग आणि तोही मधोमध, हीच खऱ्या कीपरची खूण. मनोहर आपली पेटी उचलून तिरोडीला निघून गेला. मॅच तिरोडीलाच होती; माहेर म्हणून त्या दिवशी बायकोही आमच्याच बसमध्ये निघाली, पण बसली ड्रायव्हरच्या मागे, माझ्यापासून जमेल तितकी दूर.

तिरोडीला पोचतो तर खाणीचा कीपर तापाने फणफणलेला, आणि मॅनेजर साहेबांनी गावातलाच पोरगा म्हणून मनोहरला स्टंपमागे उभं केलेलं. आमची बॅटिंग सुरू झाली. कुणाचा पाय क्रीजबाहेर पडला की बेल्स उडाल्याच. कड लागलेला चेंडू डावीकडे जावो, उजवीकडे जावो, डोक्यावरून जावो, मनोहरचा हात तिथे आधीच पोचलेला. मला त्याचे ते काळे ग्लोव्हज आठवले.

मग त्यांची बॅटिंग. मैदान खाणीचंच, म्हणजे आमच्याहून काळं, आणि ग्लोव्हजना मी मोठ्या हौसेने पुन्हा चुना फासून आणला होता. चेंडू भाऊलालच्या डावीकडून गेले, उजवीकडून गेले, एक तर पायांच्या मधून गेला. सुटलेल्या चेंडूंवर बाइजच्या धावांचा पाऊस पडला. ग्लोव्हज मात्र पांढरेच्या पांढरे! मी धावत मैदानात गेलो आणि त्याला विचारलं, "आज काय झालं रे तुले? त्या दिवशी तर..."

"त्या दिवशीबी असंच झालतं, गुरुजी," भाऊलाल अगदी शांतपणे म्हणाला. "एकच बॉल हाती लागलता. तोबी मी डोळे मिटलते तवा."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तुमी एवढं वाखाणून राह्यलते. मले वाटलं, रेडिओत असंच सांगत असन."

असं म्हणून त्याने ग्लोव्हज काढून माझ्या हातात दिले. शुक्लाजी म्हणाले, "मास्टरजी, अब आप ही पहनिए." हे नियमात बसत नव्हतं, पण खाणीच्या टीमने मोठ्या आनंदाने परवानगी दिली.

पायजमा खोचून मी स्टंपमागे उभा राहिलो. बॅटिंगला कोण? मनोहर. त्याने वळून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "भाऊजी, जरा मागं सरका." मी त्याला समोर बघ म्हणालो. चेंडू आला, मनोहरने बॅट उचलली आणि चेंडू सोडून दिला. मुद्दाम सोडला का, हे मी आजवर विचारलेलं नाही. मी दोन्ही हात पुढे केले. चेंडू दोन्ही हातांच्या मधून आला.

डोळे उघडले तेव्हा मनोहर माझ्या तोंडावर पाणी मारत होता, आणि या पोराला सोमवारपासून ऑफिसात घ्या, असं मॅनेजर साहेब कुणाला तरी सांगत होते. बायको माझ्यावर वाकली होती. काळजीने वाकली असेल असं मला वाटलं. कपाळ पुसायला तिने पदर पुढे केला आणि मध्येच थांबली. माझ्या हातातले पांढरेशुभ्र ग्लोव्हज पाहिले, पुन्हा कपाळ पाहिलं.

"हौ, बरोबर हाये तुमचं," ती म्हणाली. "एकच डाग. अन् तोबी मधोमध."