गूळ कमी पडला

देवीवर माझा भरवसा जास्त की परवान्याच्या बंदुकीवर, हे मला अजूनही छातीठोकपणे सांगता येत नाही. त्या दिवसापासून जीव नुसता वरखाली होतो. रस्त्यात चार माणसं घोळक्यानं दिसली तरी पाय आपोआप ब्रेकवर जातो.

नातू तापातून उठला म्हणून घाटंजीकडच्या आमच्या तांड्यावर याडीला, म्हणजे आमच्या देवीआईला, भोग लावला होता. वाटेत भेटतील त्या लेकरांच्या हातावर कडाव, म्हणजे भोगाचा गुळाचा शिरा, ठेवीन असा बायकोचा नवस. त्याच दिवशी यवतमाळहून दुरुस्तीला टाकलेली बाराबोर बंदूक आणायची होती. रानडुकरांपासून शेत राखायला ती घेतलेली. परतताना एका गावाच्या फाट्यावर जीप थांबवली, बायकोनं डबा उघडला आणि लेकरं धावत आली. मुलं पळवणारी टोळी जीपमधून फिरते, खाऊत औषध घालते, अशी आवई त्या गावात सकाळपासून मोबाईलवर फिरत होती, हे आम्हाला काय ठाऊक! नवस फेडायला आम्ही मुहूर्त मात्र बरोबर साधला.

बघता बघता गर्दी झाली. "पोरायले काय चारून राह्यले बे?" कुणीतरी ओरडलं. मी जीप काढायला गेलो तर पुढे मोटारसायकली आडव्या, मागे बैलगाडी. एक दगड काचेवर आला, दुसरा बायकोच्या खांद्याला लागला. तेव्हा मी बंदूक घेऊन उतरलो, बायकोला बसथांब्याच्या भिंतीशी माझ्या पाठीमागे घेतलं आणि काडतूस भरलं. नळी जमिनीकडे, बोट चापाच्या बाहेर. "परवाना हाय माह्याजवळ! पोलिसायले फोन लावला हाय, मांगं सरा!" फोन बायको खरंच लावत होती. गर्दी थबकली, पण हटली नाही. आणखी कुणी पुढे आला तर नळी वर करायची, असं मनाशी ठरलं होतं. पण पुढच्याच रांगेत हाताला शिरा लागलेली ती लेकरं उभी होती, आणि छर्रे माणूस बघून लागत नाहीत. बायको गेली तर? लेकरू गेलं तर? मला काही सुचेना. मी एवढंच म्हणालो, "याडी, आता तूच पाहा."

गर्दीतून एक म्हातारी पुढे आली, डोक्यावर भाजीची रिकामी टोपली. ना ओळख, ना पाळख. बंदुकीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. "आन वं तो डब्बा इकडं," ती बायकोला म्हणाली. "जहर असन त मी मरतो. माह्यं काय रायलं आता?" तिनं घास तोंडात टाकला. सगळं गाव तिच्या तोंडाकडे बघत राहिलं. ती सावकाश चघळत राहिली, मग बोटं चाटून म्हणाली, "गूळ कमी पडला वं माय."

कुणीतरी हसलं आणि उगारलेल्या काठ्या खाली आल्या. मी काडतूस काढून खिशात टाकलं. पोलीस आले, परवाना पाहिला. तोवर म्हातारी निघून गेली होती. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

बंदुकीनं गर्दी लांब ठेवली, हे मी नाकारत नाही. ती नसती तर म्हातारी येईपर्यंत आम्ही उरलो नसतो. पण बोट चापावर गेलं नाही ते माझ्या धीरानं नव्हे. माझ्या हातून सगळं सुटलं होतं, ते याडीनं झेललं, असंच मी मानतो. झोप अजून नीट लागत नाही. भोग मात्र चुकत नाही. वाटण्याआधी आम्ही दोघं सगळ्यांसमोर एकेक घास खातो, आणि कढईत बायको एक मूठ गूळ जास्त टाकते, त्या मावशीच्या नावानं.