एक नंबरचं दूध

जुना संगणक सुरू व्हायला जेवढा वेळ घ्यायचा, तेवढ्यात वनमालाताईंची वेणी घालून व्हायची. रोज पहाटे दूध संस्थेचं कुलूप काढायचं, बटण दाबायचं आणि केस मोकळे सोडायचे. पडद्यावर चित्र उमटेपर्यंत रिबिनीची गाठ बसलेली असायची. तेलगावजवळच्या आमच्या वाडीत संगणक आला, तेव्हा त्याला हात लावायला कुणी धजेना, म्हणून ताई पुढे बसल्या. त्या अजून तिथंच आहेत.

यंदा बीडहून संगणक दुरुस्त करणारा परमेश्वर आला. जुन्या विंडोजवर दुधाचा प्रोग्राम आता चालणार नाही म्हणाला. दुपारी त्यानं विंडोज आणि प्रोग्राम दोन्ही नवे टाकले. संगणक चुटकीसरशी उघडला.

"अगं बाई! आता केस कधी विंचरू?" ताई हसल्या.

खरी अडचण संध्याकाळी कळली. नव्या प्रोग्रामनं सभासदांची नावं इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावून सगळ्यांना नवे नंबर दिले होते. आमच्याकडे नंबर बापाकडून लेकाकडे जातो. लग्नाचं आवतण द्यायलाही 'सतरा नंबरकडं जाऊन या' म्हणतात. एक नंबर तात्याबांचा, संस्था त्यांनीच काढलेली. आज तो त्यांच्या वेगळ्या राहणाऱ्या सुनेला, बबिताला मिळाला होता. तात्याबा पार शेवटी गेले होते.

ते आपल्या कॅनवरच बसले. "माझा नंबर द्या, मंग ओततो."

"काका, उद्या जुने नंबर लावून देतो," परमेश्वर म्हणाला.

"मंग उद्याच ओततो."

त्यांच्याआधी ओतायची कुणाची छाती होईना. रांग खोळंबली. बाहेर टँकरवाला हॉर्न वाजवायला लागला. तो निघून गेला असता, तर वाडीचं सगळं दूध सकाळपर्यंत नासलं असतं.

ताई खुर्चीवरून उठल्या. "बबे, आज एक नंबर तू. कुणाचं आधी घेऊ?"

बबितानं पदर सावरला. "मामाचं घ्या. लई येळ बसलेत, कॅन चेपल."

रांगेत हशा पिकला.

"सुनंच्या हुकमानं ओतू व्हय?"

"ओता तात्या," ताई म्हणाल्या. "तुमच्या म्हशीनं न्हाई इचारला नंबर."

तात्याबांच्या मिशा हलल्या. ते उठले, तशी बबितानं कॅनची दुसरी कडी धरली. मागून भराभर कॅन रिकामे होत गेले. टँकर भरून निघाला.

परमेश्वर वायरी गुंडाळत होता. ताईंनी सांडलेल्या दुधावर पाणी मारलं.

"सकाळी चहाला ये," त्या म्हणाल्या, "अन् गाडी दारात लावू नको, म्हशी बुजतेत."